बॅचपाइप्स

आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या भारी संगणकावर) एका बॅच जॉबचा, म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय आपोआप चालणाऱ्या कामाचा, डेटा, मध्ये फाइल न बनवता, थेट दुसऱ्या चालू जॉबच्या हाती देणारी उपप्रणाली. या थेट वाटेला ‘पाइप’ म्हणतात. दोन्ही जॉब एकाच सिस्टिमवर असोत की पॅरलल सिसप्लेक्समधल्या (एकत्र जोडलेल्या मेनफ्रेम सिस्टिम्सच्या समूहातल्या) वेगवेगळ्या सिस्टिम्सवर, पाइप दोन्हीकडे चालतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला पाइप १९७३ मध्येच मिळाला होता. मेनफ्रेमच्या बॅचला तो १९९० च्या दशकात मिळाला. काही काळ हे उत्पादन ‘स्मार्टबॅच’ या नावानेही विकले गेले.

बँकेच्या दिवसअखेरीच्या कामात एरवी एक जॉब व्यवहारांच्या नोंदी निवडून डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. ती फाइल पूर्ण होऊन बंद झाल्याशिवाय पुढचा जॉब सुरूच होत नाही. बॅचपाइप्समध्ये दोघे एकदमच सुरू होतात. त्यासाठी जेसीएलमधल्या (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भाषेतल्या) डीडी ओळीवर, म्हणजे जॉबची फाइल ठरवणाऱ्या ओळीवर, डेटासेट (फाइल) डिस्कऐवजी ‘सबसिस’ या पॅरामीटरने उपप्रणालीकडे वळवायचा. नेहमीच्या क्रमवार पद्धतीने वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या, कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमला सहसा हातही लावावा लागत नाही, आणि तिशी-चाळिशी ओलांडलेले प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना याचे मोल लगेच कळते. पाइप भरला की लिहिणारा थांबतो, रिकामा झाला की वाचणारा थांबतो. वाचलेली नोंद पाइपमधून कायमची जाते.

एकाच सिस्टिमवर पाइप मेमरीत राहतो. जॉब दोन सिस्टिम्सवर असले की डेटा कपलिंग फॅसिलिटीतून जातो. १९९४ मध्ये पॅरलल सिसप्लेक्सबरोबर आलेली ही सोय म्हणजे सर्व सिस्टिम्सना वेगवान दुव्यांनी जोडलेली सामायिक मेमरी. तिच्यातल्या लिस्ट स्ट्रक्चरमध्ये (यादीसारख्या रचनेत) एक सिस्टिम ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा) ठेवते, दुसरी उचलते. वेगवेगळ्या सिस्टिम्सवरच्या एकाच नावाच्या बॅचपाइप्स उपप्रणाली मिळून ‘पाइपप्लेक्स’ बनतो. एका यंत्रावर गर्दी असेल तर वाचणारा जॉब मोकळ्या यंत्रावर चालवता येतो, हा यातला मोठा फायदा. मात्र प्रत्येक ब्लॉकला दुव्यावरून दोनदा जावे लागते आणि ही मेमरी डीबी२ या डेटाबेससारख्या इतरांनाही लागते. म्हणून शक्य तिथे जोडीचे जॉब एकाच सिस्टिमवर ठेवणेच शहाणपणाचे.

वेळेची बचत कामाच्या स्वरूपावर ठरते. साखळीत सॉर्ट (नोंदींचा क्रम लावणारा जॉब) असेल तर ती पूर्ण पदरात पडत नाही, कारण सगळ्या नोंदी हातात आल्याशिवाय सॉर्ट पहिली नोंदही बाहेर देऊ शकत नाही. आधीच्या जॉबबरोबर त्याचे वाचणे आणि नंतरच्या जॉबबरोबर त्याचे लिहिणे, एवढेच समांतर होते.

खरी अडचण जॉब कोसळल्यावर कळते. मधली फाइल ही नकळत पुनःसुरुवातीची जागाही होती. दुसरा जॉब पडला तरी पहिल्याचे फळ डिस्कवर शाबूत असे. पाइपमध्ये मागे काहीच उरत नाही. एक जॉब पडला की जोडीदारही थांबवला जातो आणि साखळी पहिल्यापासून चालवावी लागते. शिवाय सगळ्या जॉबना एकाच वेळी इनिशिएटर (जॉब चालवायची जागा) मिळाला पाहिजे. नाहीतर सुरू झालेला जॉब रांगेत अडकलेल्या जोडीदाराची वाट पाहत बसतो. त्यामुळे शेड्यूलरमध्ये (जॉब कधी सुरू करायचे ते ठरवणाऱ्या प्रणालीत) असे जॉब एकामागून एक न ठेवता एकत्र सोडायचे असतात. डेटा राखून ठेवायचाच असेल तर सीएमएस पाइपलाइन्स या आयबीएमच्या दुसऱ्या साधनावरून घडवलेल्या, बॅचपाइप्सचाच भाग असलेल्या बॅचपाइपवर्क्सच्या मदतीने पाइपमधून वाहणाऱ्या नोंदींची एक प्रत डिस्कवर उतरवता येते.