संस्कृतिसंवादी संगणक अध्यापन, मराठवाड्यातील

संस्कृतिसंवादी अध्यापन : विद्यार्थ्याच्या घरची भाषा, कामधंदा आणि हिशेबाच्या रीती यांनाही ज्ञान मानून त्यावर नवा विषय उभा करण्याची पद्धत. या विचाराची पायाभूत मांडणी अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये केली. अभ्यासात यश, स्वतःच्या संस्कृतीची जाण आणि व्यवस्थेला प्रश्न विचारण्याची तयारी, ही तिन्ही त्यांना एकत्र हवी होती. जिनीव्हा गे यांचे या विषयावरील पुस्तक २००० मध्ये आले. संगणकात हा विचार रॉन एग्लॅश यांनी आणला. आफ्रिकी-अमेरिकी केशरचनेतील वेण्यांवरून भूमिती आणि प्रोग्रॅमिंग शिकवणारी साधने त्यांनी घडवली.

मराठवाड्यात या पद्धतीला सर्वांत कसदार उदाहरण ऊसतोडीचे मिळते. बीड, धाराशिव, जालना भागांतून मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधी ‘उचल’ (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि टनावारी मजुरीतून ती फेडायची. हाच हिशेब प्रोग्रॅममध्ये मांडायचा. उचल हे व्हेरिएबल, म्हणजे बदलत जाणारी किंमत ठेवणारे नाव. रोजची मजुरी त्यातून वजा होत जाते. उचल शून्यावर येईपर्यंत तीच कृती पुन्हा पुन्हा करणारे ते लूप. पण तेवढीच अट लिहिली, तर उचल फिटली नसेल तेव्हा प्रोग्रॅम शेतात ऊस उरलेला नसतानाही तोडणी करत बसतो! म्हणून ‘आणि हंगाम चालू असेल तर’ ही दुसरी अट लागते. ‘आणि’ व ‘किंवा’ यांतला फरक इथे सहज समजतो. मग उरलेली बाकी पुढच्या हंगामात कुठे जाते? मुकादमाचे कमिशन कोणत्या ओळीत धरायचे? वही कोणाकडे असते? लॅडसन-बिलिंग्ज यांची तिसरी अपेक्षा या प्रश्नांपाशी सुरू होते. नुसती बैलगाडीची चित्रे घातलेले पाठ्यपुस्तक तिथवर पोचत नाही.

मात्र वर्गात कोणाचे आईबाप तोडणीला गेलेत, हे हात वर करायला लावून विचारू नये. त्यापेक्षा भिशी, बचत गट, सोयाबीनची आडत यांतले जे ज्याला माहीत असेल, ते त्याला निवडू द्यावे. भिशीच्या चिठ्ठ्यांत एकदा नाव निघालेला माणूस पुन्हा येत नाही. यादृच्छिक निवड आणि यादीतून नाव वगळणे, दोन्ही एकाच खेळात येतात.

लिपीचा मुद्दा वेगळाच गमतीचा आहे. पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हेरिएबलला ‘उचल’ हे नाव थेट देवनागरीत देता येते. अवतरणात लिहिलेला ‘१२’ पूर्णांकात बदलून मिळतो, पण तोच १२ उघडा लिहिला की चूक दाखवली जाते. ‘लातूर’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येते ५, कारण काना आणि ऊकार यंत्र स्वतंत्र मोजते. मुले ‘अक्षरं तर तीनच!’ म्हणून भांडतात, आणि युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, धडा त्या भांडणातूनच काढावा. बंजारा तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी असते. त्याला प्रमाण मराठीही शाळेतच शिकावी लागते, म्हणून ‘मातृभाषेतून शिकवले’ एवढे म्हणून भागत नाही.

अडचण वेळापत्रकाची आहे. हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे न राहिलेली मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दुसऱ्या सत्रात लूपचा धडा शिकवला, तर ज्यांच्या घरचा हिशेब फळ्यावर असतो, नेमकी तीच मुले वर्गात नसतात. धडा दिवाळीआधी घ्यावा लागतो.