ओठाचा रंग आधी पाहा

इंग्लंडात पाऊस उघडला की नेटलच्या खाजऱ्या झुडपांवर गोगलगायी चढून बसतात. एक लिंबासारखी पिवळी, एक फिकट गुलाबी, एक चॉकलेटी. कुणाच्या शंखावर एकही पट्टा नाही, कुणाच्या शंखावर गडद पाच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, इथे पाच-सहा जाती तरी नांदत असणार. बहुतेक वेळा असतात दोनच: सेपिया नेमोरॅलिस आणि सेपिया हॉर्टेन्सिस.

हे सगळे रंग दोन्ही जातींत कमी-अधिक सापडतात. म्हणजे जे आधी डोळ्यांत भरतं, त्यावरून जात ठरवता येत नाही. नावांचाही आधार नाही. नेमोरॅलिस म्हणजे रानातली, हॉर्टेन्सिस म्हणजे बागेतली. पण रानात आणि बागेत दोघीही भेटतात, कधी एकाच कुंपणावर.

रंग-पट्टे मुळीच बिनकामाचे आहेत असं मात्र नाही. ते जनुकांवर ठरतात आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. ऑक्सफर्डचे जीवशास्त्रज्ञ आर्थर केन आणि फिलिप शेपर्ड यांनी 1950 च्या सुमारास नेमोरॅलिसचे शंख ठिकठिकाणी मोजले. बीच नावाच्या झाडांच्या जंगलात, पाचोळ्यावर, तपकिरी आणि बिनपट्ट्याच्या जास्त; गवतात पिवळ्या आणि पट्टेरी जास्त. साँग थ्रश हा पक्षी गोगलगाय चोचीत धरून दगडावर आपटतो आणि खातो. आसपासच्या रंगात मिसळून गेलेली त्याच्या नजरेतून सुटते. नैसर्गिक निवडीचा इतका उघडावाघडा पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो परसातल्या गोगलगायीने दिला याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर मग ओळखायचं कसं? गोगलगाय अलगद उचलून तळहातावर उलटी धरा. शंखाचं तोंड दिसेल. त्याच्या कडेला किंचित जाडसर, बाहेर वळलेली किनार असते. तिला ओठ म्हणतात. हा ओठ गर्द तपकिरी असेल तर नेमोरॅलिस, पांढरा असेल तर हॉर्टेन्सिस. आकाराचीही थोडी मदत होते. नेमोरॅलिस साधारण 20 ते 25 मिलिमीटर रुंद भरते, हॉर्टेन्सिस बहुधा त्याहून लहान. पण मधल्या मापाच्या इतक्या असतात की मी तरी निव्वळ आकारावर जाणार नाही. शंखाच्या बरोबर मध्यावर एकच पट्टा असेल तर पारडं नेमोरॅलिसकडे झुकतं. हॉर्टेन्सिसमध्ये ही नक्षी विरळा.

ओठही कधीकधी दगा देतो. पांढऱ्या ओठाची नेमोरॅलिस असते, गडद ओठाची हॉर्टेन्सिसही क्वचित निघते. उन्हात पडून राहिलेल्या रिकाम्या शंखाचा तर रंगच उडालेला असतो. अशा वेळी जिवंत गोगलगायीबाबतचा खरा निवाडा शरीराच्या आत होतो. या गोगलगायी उभयलिंगी. मीलनाच्या वेळी त्या एकमेकींच्या अंगात चुनखडीचा एक बारीक बाण खुपसतात. त्यातून शुक्राणू जात नाहीत. बाणाला माखलेला चिकट स्राव जोडीदाराच्या शरीरात जातो. हा बाण भिंगाखाली धरला की त्याच्या लांबीभर चार पाती दिसतात. नेमोरॅलिसच्या पात्यांची कड साधी असते, हॉर्टेन्सिसची कड दुभंगलेली. स्राव तयार करणाऱ्या ग्रंथींना फुटलेल्या फांद्याही मोजतात: हॉर्टेन्सिसमध्ये त्या साधारणपणे चार किंवा जास्त, नेमोरॅलिसमध्ये कमी. अर्थात हे पाहायला विच्छेदन करावं लागतं, म्हणजे गोगलगायीचा जीव जातो. निव्वळ हौसेखातर ते करू नये. नोंदवहीत ‘सेपिया, जात अनिश्चित’ एवढं लिहिणं पुरेसं आणि प्रामाणिक आहे.

पिल्लांच्या बाबतीतही तेच लिहावं. ओठ तयार होतो तो शंखाची वाढ पूर्ण झाल्यावर. त्याआधी तोंडाची कड पातळ, धारदार आणि ठिसूळ असते. अशी कड दिसली तर बोटांचा दाब न देता पिल्लू जिथून उचललं त्याच पानावर परत ठेवा.