राज्य सरकारचा मुख्य वैमानिक : नकाराच्या अधिकाराची पार्श्वभूमी

मुख्यमंत्र्यांना नेणारे सरकारी हेलिकॉप्टर आपल्याकडे नागरी नोंदणीवर उडते, त्यामुळे त्याला नागरी विमान वाहतुकीचेच नियम लागू होतात. १९३७ च्या विमान नियमांपासून उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्या उड्डाणाच्या प्रमुख वैमानिकावर आहे. १९८१ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने (डीजीसीए) अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या उड्डाणांसाठी वेगळे परिपत्रकही काढले. सरकारच्या सर्व वैमानिकांवर देखरेख करणाऱ्या मुख्य वैमानिकाचे स्थान मात्र तितके स्पष्ट झाले नाही. वैमानिकांच्या जोड्या लावणे, त्यांचे परवाने आणि सराव पाहणे, हेलिकॉप्टर दौऱ्यास योग्य आहे की नाही हे सांगणे ही त्याची कामे असली, तरी तो ज्या सरकारचा नोकर असतो, तेच सरकार त्याचे प्रवासीही असते.

२ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांचे बेल ४३० हेलिकॉप्टर हैदराबादच्या बेगमपेटहून चित्तूर जिल्ह्याकडे निघाले आणि नल्लमलाच्या जंगलात कोसळले. मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्यासह त्यातील पाचही जण मृत्युमुखी पडले. अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले. ताफ्यात नवे हेलिकॉप्टर असताना जुने का नेले, या प्रश्नावर पुढे बराच वाद झाला. तो प्रश्न रास्तच होता, पण त्याने अधिक गंभीर बाब झाकून टाकली. मार्गावर पावसाचे दाट ढग होते आणि चौकशीत असे दिसले की, तेलाच्या दाबाचा इशारा मिळाल्यावर दोन्ही वैमानिक त्यावरील उपाय पुस्तिकेत शोधण्यात गुंतले व उड्डाणावरचे लक्ष सुटले. वैमानिकांच्या या चुकीची चर्चा सविस्तर झाली. परंतु अशा हवामानात निघायचे की थांबायचे, हे ठरवताना दौऱ्याच्या वेळापत्रकाचे वजन किती असते आणि त्या वजनासमोर मुख्य वैमानिकाला कोणाचा आधार असतो, याची चर्चा फारच कमी झाली. माझ्या मते या पदाचा खरा प्रश्न तिथेच आहे. सभेची वेळ आधी जाहीर होते, हवामानाचा अंदाज नंतर हाती येतो, आणि 'आज उड्डाण नाही' हे सांगणाऱ्याच्या बदलीची व गोपनीय अहवालाची सूत्रे प्रशासनाकडे असतात.

महाराष्ट्राला अशा नकाराच्या गरजेची जाणीव २५ मे २०१७ रोजी निलंग्यात झाली. राज्याचे सिकॉर्स्की हेलिकॉप्टर उड्डाण घेताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकून आदळले. मुख्यमंत्र्यांसह सर्वजण बचावले. मे महिन्याच्या दुपारी तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणून अशा ठिकाणी किती माणसे, किती सामान आणि किती इंधन घ्यायचे, हा हिशेब उड्डाणापूर्वी करून प्रसंगी एखाद्याला खाली उतरवावे लागते. तात्पुरत्या हेलिपॅडभोवतीच्या तारांची पाहणीही त्याच तयारीचा भाग असते.

अलीकडे अनेक सरकारे भाड्याच्या विमानांवर विसंबू लागली आहेत. त्यामुळे नकाराचा भार कंत्राटी कंपनीच्या वैमानिकावर येतो, आणि त्या कंपनीच्या कंत्राटाचे नूतनीकरण पुन्हा सरकारच्याच हाती असते.