टोक मोडलं म्हणजे रॉड बाद?

धक्क्यावर आणि खडपात (किनाऱ्यावरच्या खडकांत) गळाने मासे गरवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: "कार्बन रॉडचं टोक मोडलं की रॉड गेला, नवा घ्या."

तसं नाही. आठ फुटी रॉडचे वरचे 5 ते 10 सेंटिमीटर गेले तर टोक थोडं ताठ होतं, माशाची हलकी टोच जरा कमी जाणवते. जिताडा किंवा तांबोशीसारखा मासा ओढायची ताकद खालच्या भागात असते, आणि तो शाबूत असतो. एवढ्यासाठी चांगले रॉड अडगळीत पडतात, याचं वाईट वाटतं.

तपासणी सोपी आहे. मोडलेल्या जागेखालचा भाग उन्हात धरून फिरवा. उभी पांढरट रेघ दिसली किंवा चिमटीत दाबल्यावर कुरकुरलं, तर चीर खाली उतरली आहे. ती संपते तिथपर्यंत कापावं लागेल. पक्कड वापरू नका, पोकळ नळी चेपते आणि नवी चीर पडते. मास्किंग टेप गुंडाळून, रॉड फिरवत, बारीक कानशीने कापा. जागा ओली ठेवा आणि मास्क लावा, कार्बनची धूळ छातीत जायला नको.

मग व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजून तेवढ्याच आतल्या व्यासाच्या नळीची टोकाची कडी (जिच्यातून दोरी जाते ती) घ्या. सुपरग्लूने बसवलेली कडी पुढे बदलताना सहज निघत नाही. हॉट मेल्ट ग्लूची कांडी वितळवून टोकाला लावा, कडीची नळी गरम करून सरकवा आणि ग्लू मऊ आहे तोवर बाकीच्या कड्यांच्या रेषेत आणा. ज्योत कार्बनला लावू नका, त्याचे धागे धरून ठेवणारं रेझिन जळतं.

रॉड मधोमध मोडला असेल तर आतून जोडनळी लागते. ते काम वेगळं.