घागर, व्होल आणि ऑक्सिटोसिन

आमच्या मावशीचं लग्न एका घागरीमुळे जमलं. 1972 चा दुष्काळ, सोलापुरातला सार्वजनिक नळ, रात्रीची रांग. घागरीला टेकून बसल्या बसल्या मावशीचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तिची घागर भरून, वर फडकं टाकून बाजूला ठेवलेली. रांगेत पुढे असलेल्या पोरानं तिला न उठवता आधी तिची भरली होती. "उठवलं असतं तर लग्न झालं नसतं," असं मावशी अजून म्हणते.

परवा हे ऐकून इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "म्हणजे ऑक्सिटोसिन रिलीज झालं!" ऑक्सिटोसिन म्हणजे ज्याला 'प्रेमाचं संप्रेरक', म्हणजे हार्मोन, म्हणतात ते. सगळे हसले. मला मात्र राहवेना, म्हणून हा लेख.

ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ती तयार होते. 1906 मध्ये हेन्री डेल यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं हे पाहिलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 चं नोबेल मिळवलं. बाळंतपणात कळा वाढवायला ते टोचतात. काही गोठ्यांत चोरून म्हशीलाही टोचतात, पान्हा सुटावा म्हणून. आता आमच्या जिल्ह्यातली पंढरपुरी म्हैस काही टोचणाऱ्याच्या प्रेमात पडत नाही! मग याला 'प्रेमाचं संप्रेरक' का म्हणायचं?

याचं उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात आहे, आणि ते मला फार आवडतं. प्रेअरी व्होल जोडीनं राहतो, नर पिल्लं सांभाळायला मदत करतो. त्याचा डोंगराळ भागातला भाऊबंद मात्र समागम झाला की आपल्या वाटेनं जातो. ऑक्सिटोसिन दोघांतही तेच. फरक आहे तो ग्राहींच्या जागेत. ग्राही म्हणजे पेशीवरचा असा रेणू, ज्याला संप्रेरक चिकटलं की पेशीला निरोप पोचतो. प्रेअरी व्होलच्या मेंदूत न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात ऑक्सिटोसिनचे ग्राही दाट असतात, डोंगराळ व्होलमध्ये विरळ. हा भाग बक्षिसाचा: गोड खाल्लं, तहान भागली, की इथे डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन वाढतं. त्याच भागात त्याच वेळी ऑक्सिटोसिनही पोचलं तर 'बरं वाटलं' आणि 'हा वास अमक्याचा' या दोन गोष्टींची गाठ बसते. पुढे तो वासच बक्षीस होतो. डोपामिनचे ग्राहीही दोन तऱ्हांचे. डी-2 गाठ बसवायला मदत करतात. जोडी जमल्यावर डी-1 वाढतात आणि मग नवख्या व्होलला नर हाकलून लावतो. नरांमध्ये व्हॅसोप्रेसिन हे भावंड संप्रेरक आणखी वेगळ्या जागी, व्हेंट्रल पॅलिडममध्ये काम करतं. 2004 मध्ये त्याच्या ग्राहीचं जनुक विषाणूमार्फत जोडी न करणाऱ्या एका व्होल-जातीच्या नरांच्या मेंदूत त्याच जागी घातलं, तर तेही जोडीदारणीला बिलगून बसू लागले. (इथे भाचा जांभई देत होता. असो.)

थोडक्यात, गंमत थेंबात नाही, तो कुठे पडतो त्यात आहे. म्हणून नाकात मारायचे ऑक्सिटोसिनचे 'लव्ह स्प्रे' विकणारे आणि एसटी स्टँडजवळ 'वशीकरण, 24 तासांत खात्री' असे कागद चिकटवणारे मला एकाच माळेचे मणी वाटतात. त्यातून 2023 मध्ये आणखी पंचाईत झाली. जनुकच कापून ऑक्सिटोसिनचा ग्राही काढून टाकलेले प्रेअरी व्होल तयार केले, तरी त्यांनी जोड्या जमवल्याच! एवढ्या महत्त्वाच्या कामासाठी मेंदू एकाच दोरीवर विसंबत नसावा, असं मला वाटतं.

मायेचं काय? 2016 चा एक प्रयोग आहे. जोडीतल्या एका व्होलला बाजूला नेऊन सौम्य विजेचे झटके दिले आणि परत आणलं. दुसरा लगेच त्याला चाटू लागला, नेहमीपेक्षा जास्त. मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागात ऑक्सिटोसिनची वाट अडवली की हे चाटणं थांबलं. पण व्होल ओळखीच्यांनाच असं गोंजारतो, परक्याला नाही. काकांनी घागर भरली ती नावही माहीत नसलेल्या मुलीची. इथे व्होलचा हात सुटतो.

आणि एका घागरीनं गाठ पक्की झाली, हेही मला पटत नाही. व्होललासुद्धा सोबतीत बरेच तास घालवावे लागतात. मावशीला विचारलं तर तीही म्हणाली, पहिल्या घागरीनं नुसतं नाव विचारलं.

सोलापुरात आजही पाणी काही दिवसांआड येतं, तेही कधी रात्री-बेरात्री. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री दोनला नळ फुसफुसला. मावशी उठू लागली, तर अंधारातून काका म्हणाले, "येलालंय पाणी. झोप तू."