कुटुंबवैद्यक शिक्षण, पुणे

वय, लिंग किंवा अवयव अशी वाटणी न करता एका माणसाची आणि त्याच्या घरादाराची वर्षानुवर्षे काळजी घेणारा फॅमिली डॉक्टर घडवण्याचे शिक्षण. भारतात एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात फॅमिली मेडिसिन हा परीक्षेचा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे पुण्यासारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या शहरातही हे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी मिळते : थोडे पी.एस.एम.च्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या) तासाला, थोडे इंटर्नशिपमध्ये आणि बरेचसे स्वतःची पाटी लावल्यावर, पेशंटच्या जिवावर.

ससून रुग्णालय १८६७चे. त्याला जोडलेल्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ साली महाविद्यालय झाले. १९४८ मध्ये सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (ए.एफ.एम.सी.) आले, १९८९ मध्ये भारती विद्यापीठाचे आणि २०२२ मध्ये महापालिकेचे स्वतःचे महाविद्यालय सुरू झाले. शहरातली जनरल प्रॅक्टिस मात्र या इमारतींच्या बाहेर वाढली. पेठांमधले दोन खोल्यांचे दवाखाने, बाहेर बाकडे, आत कंपाउंडर, सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचे दुखणे तोंडपाठ असलेले डॉक्टर. नवा पदवीधर अशा एखाद्या ज्येष्ठाकडे मदतनीस म्हणून बसे किंवा ते गावाला गेले की त्यांचा दवाखाना सांभाळे. शिक्षण व्हायचे ते तिथे. त्याचे ना प्रमाणपत्र होते, ना अभ्यासक्रम. आज शहराच्या वाढत्या कडेला ही जागा मोठ्या प्रमाणावर आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरून काढली आहे. २०१४ साली राज्याने कायदा दुरुस्त करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

महाविद्यालयात काय शिकवतात

डॉक्टर समाजात मुरलेला असावा ही अपेक्षा देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या सरकारी भोर समितीने १९४६ मध्येच मांडली होती. तेव्हापासून ती जबाबदारी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत पी.एस.एम.कडे, आहे. विषय महत्त्वाचा, पण वर्गात झोप आणणारा म्हणून बदनाम. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अलीकडे आणलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमाने त्यात थोडी जान आणली आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने गावातली किमान तीन कुटुंबे घ्यायची आणि तीन टप्प्यांत त्यांच्याकडे जात राहायचे : २७, ३० आणि २१ तास, एकूण ७८. ए.एफ.एम.सी.चे ग्रामीण केंद्र कासुर्डीला आहे. इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही पुण्याभोवतीच्या गावांत बसने जातात.

पहिल्या भेटीत अठरा-एकोणीस वर्षांची मुले अंगणात वही उघडून उभी असतात. घरात किती माणसे, शौचालय आहे का, पाणी कुठून भरता, असे छापील प्रश्न विचारतात. सासूबाई चहा पुढे करतात आणि गुडघ्याचे सांगू लागतात. वहीत गुडघ्याला रकाना नसतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सूनबाई हळूच सांगते, की सासऱ्यांनी बी.पी.च्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या, बरे वाटतेय म्हणून. कार्यक्रमाची सारी किंमत या वाक्यात आहे, कारण ते पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. मात्र प्राध्यापक बसमध्येच थांबले आणि भेट सही-शिक्क्यापुरती झाली, तर ७८ तास वहीतच राहतात.

पुण्यात याहून जुना धडाही आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरात गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या कामासाठी त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरापर्यंत पोचलेली माहिती डॉक्टरच्या टेबलावर आणणारे माणूस कोण, हा प्रश्न तिथे व्यवहारात सुटला होता.

वॉर्ड आणि दवाखाना

खरी अडचण शिकण्याच्या जागेत आहे. वॉर्डातला पेशंट आधीच कुणीतरी चाळून पाठवलेला असतो. बेडवर निदान लिहिलेले असते, रक्ताचे रिपोर्ट लावलेले असतात. विद्यार्थी तिथे माइट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा, मर्मर (आवाज) ओळखायला शिकतो. दवाखान्यात मात्र माणूस ‘कसकस वाटतेय’, ‘पित्त झालंय’, ‘अंग मोडून आलंय’ एवढेच घेऊन येतो. दहातल्या आठ-नऊ जणांचे आपोआप बरे होणार असते. उरलेला एखादा कोण, हे तपासण्यांची यादी न लिहिता, पाच मिनिटांत आणि फी परवडेल अशा रीतीने ओळखायचे असते. ‘उद्या ताप उतरला नाही तर या, उलट्या सुरू झाल्या तर रात्रीच फोन करा’ हे सांगणे हाही उपचारच आहे. उठता उठता दारात ‘आणि हो डॉक्टर, अजून एक’ म्हणून निघणारी तक्रार बहुधा खरी असते, हे वॉर्डात कळण्याची सोय नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला आणि काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. या आजारात आधी जुलाब होतात, मग काही दिवसांनी पायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय ओढतो. अशा रुग्णाला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाइन लावायचे, की गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहायची? श्वासाच्या स्नायूंवर परिणाम होण्याआधी माणूस मोठ्या रुग्णालयात पोचणे या एका कृतीवर अवलंबून असू शकते. हातोडी प्रत्येक विद्यार्थ्याकडे असते. जुलाबाच्या पेशंटसाठी ती काढायची, हे सुचायला दवाखान्यात बसावे लागते. खासगी दवाखान्यात बसणे मात्र सक्तीचे नाही, आणि तिथले ज्येष्ठ डॉक्टर महाविद्यालयाच्या लेखी शिक्षक नाहीत.

साडेचार वर्षांनंतरची एक वर्षाची इंटर्नशिप या उणिवेवर उपाय ठरायला हवी होती. प्रत्यक्षात इंटर्नच्या पिशवीत ‘नीट पी.जी.’ या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे प्रश्नसंच असतात आणि ग्रामीण पोस्टिंग म्हणजे अभ्यासाला मिळालेली निवांत वेळ. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘नुसतं एम.बी.बी.एस. आहे’ हे वाक्य लग्नाच्या बोलणीपासून बँकेच्या कर्जापर्यंत त्यांच्या मागे लागते.

पदवीनंतर

राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फॅमिली मेडिसिनमधली तीन वर्षांची डी.एन.बी. ही पदव्युत्तर पदवी आहे आणि २०२०पासून दोन वर्षांची पदविकाही. कालिकतच्या शासकीय महाविद्यालयाने या विषयात एम.डी. सुरू करून देशात पायंडा पाडला. प्रॅक्टिस न सोडता शिकायचे असेल, तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा दूरशिक्षण अभ्यासक्रम आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात तर फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना देणे हे पदव्युत्तर मंडळाचे कामच ठरवले आहे. तरी पी.जी.च्या प्रवेशफेऱ्यांत (काउन्सेलिंगमध्ये) हा विषय पसंतीक्रमात खालीच राहतो. त्वचा आणि रेडिओलॉजी वर.

पाटी लावताना लागणाऱ्या गोष्टी कुठेच शिकवत नाहीत : जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम, कन्सल्टंटला लिहायची चिठ्ठी, रजेचा दाखला कधी नाकारायचा, उधारी कशी सांभाळायची. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्यापासून केसपेपर नीट लिहिणे हे संरक्षणही झाले आहे, पण अनेक दवाखान्यांत अजून चिठ्ठीवर गोळ्यांपलीकडे काही नसते.

नोंदणी टिकवण्यासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत पदवीनंतरच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. ते बहुतेक रविवारच्या व्याख्यानांतून भरतात. वक्ता सहसा मोठ्या रुग्णालयातला कन्सल्टंट असतो आणि विषयही त्याचाच : नवा स्टेंट, नवे इंजेक्शन, पेशंट आमच्याकडे कधी पाठवावा. समोर बसलेल्यांपैकी कुणाला, तीस वर्षे एकाच गल्लीत मधुमेह कसा सांभाळला, ते सांगायला व्यासपीठावर क्वचितच बोलावले जाते.