'नॉर्मल फ्लोरा' म्हणजे नेमकं कोण?

घसा आठवडाभर धरलाय म्हणून डॉक्टरांनी स्वॅब द्यायला लावला आणि दोन दिवसांनी रिपोर्टवर एकच ओळ आली: 'नॉर्मल थ्रोट फ्लोरा ग्रोन'. टिळकवाडी असो की खानापूर, निपाणी असो की चिकोडी, ही ओळ वाचून माणसं जरा खट्टूच होतात. पैसे मोजले आणि निघालं काहीच नाही! प्रत्यक्षात प्लेटवर जंतूंच्या वसाहती दाटीवाटीने उगवलेल्या असतात. ते घशात कायम मुक्कामाला असणारेच असतात, म्हणून लॅब त्यांची नावं लिहीत बसत नाही, एवढंच. स्वॅबपुरतं हे बरोबर आहे. पण तेच जंतू रक्ताच्या कल्चर बाटलीत (रक्त घालून त्यातले जंतू वाढू देतात ती) उगवले तर नाव शोधावंच लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

तोंडातल्या या वस्तीची पहिली लेखी नोंद १६८३ सालची. डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांमधलं पांढरं किटण भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला धाडलं. आज माणसाच्या तोंडात सापडणाऱ्या जातींचा आकडा सातशेच्या आसपास धरतात. त्यातल्या नायसेरिया या एका प्रजातीबद्दल (म्हणजे अनेक जातींच्या गटाबद्दल) बोलू, कारण तिच्यात बदनाम आणि निरुपद्रवी अगदी मांडीला मांडी लावून बसलेत.

बदनाम दोघे. परमा (गनोरिया) हा गुप्तरोग करणारा गोनोकॉकस १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी दाखवला आणि त्यांच्याच नावावरून प्रजातीचं नाव पडलं. दुसरा मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस, १८८७ मध्ये वाइक्सेलबाउम यांनी वेगळा काढलेला. हा दुसराही अनेक धडधाकट माणसांच्या घशात काहीही न करता बसलेला असतो. बाकीचे म्युकोसा, सिक्का, सबफ्लेव्हा, सिनेरिया, लॅक्टॅमिका, इलाँगाटा हे सगळे तोंड-घशातले साधे रहिवासी.

सूक्ष्मदर्शकाखाली यांतले बहुतेक सारखेच दिसतात: गुलाबी, जोडीजोडीने, आतली बाजू चपटी. (इलाँगाटा तेवढा लांबट कांडीसारखा आहे, तरी मोडतो यांच्यातच.) ऑक्सिडेज हे विकर ओळखणाऱ्या कागदावर वसाहत घासली की काही सेकंदांत जांभळा डाग उमटतो. इथवर सगळे एका माळेचे मणी. मग साखरेच्या नळ्या लावायच्या, म्हणजे कोण कोणती साखर मोडतो ते बघायचं. गोनोकॉकस फक्त ग्लुकोज मोडतो, मेनिंगोकॉकस ग्लुकोज आणि माल्टोज, लॅक्टॅमिका लॅक्टोजही, म्युकोसा आणि सिक्का सुक्रोजसुद्धा. कॅटरॅलिस नावाचा एक यातलं काहीच मोडत नाही. त्याची वसाहत तारेच्या लूपने ढकलली तर फुटत नाही, अख्खीच्या अख्खी प्लेटवरून सरकते. कित्येक तंत्रज्ञ नळीच्या आधी हेच करून बघतात.

या कॅटरॅलिसची कुंडली वाचण्यासारखी आहे. १८९६ मध्ये तो मायक्रोकॉकस होता. पुढे दिसण्यावरून नायसेरियात आला. १९७० मध्ये त्याला ब्रॅनहॅमेला नावाचं स्वतंत्र घर मिळालं, ते मेंदूज्वराच्या जंतूंवर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधक सारा ब्रॅनहॅम यांच्या नावाने. नंतर डीएनएच्या साम्यावरून मोराक्सेलात. जंतू होता तिथेच, घशात. पत्ता तेवढा बदलत राहिला. १९५६ ला एका रात्रीत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या आपल्या बेळगाव भागाला हा अनुभव समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे याच ब्रॅनहॅमबाईंनी १९३० मध्ये फ्लेव्हेसेन्स हा 'साध्या' गटातला नायसेरिया प्रथम वर्णन केला, तो शिकागोच्या मेंदूज्वराच्या रुग्णांच्या पाठीच्या पाण्यातून. म्हणजे गरीब समजल्या जाणाऱ्या जंतूची पहिली ओळखच आजारातून झाली. २०१२ मध्ये रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) जनुकांची तुलना झाली तेव्हा आणखी उलथापालथ झाली. सिक्का आणि म्युकोसा वेगळे नाहीतच, असं तेव्हा मांडलं गेलं. साखरेच्या नळ्यांवर उभी केलेली वर्गवारी किती कच्ची होती, ते यावरून दिसतं.

हे सगळं पंडितांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. तर सिनेरियाचं ऐका. १९८० च्या दशकात झटपट ओळख करून देणारी तयार किट बाजारात आली. सिनेरिया ग्लुकोज अगदी क्षीण मोडतो, त्यामुळे त्यातल्या काही किट त्याला गोनोकॉकस ठरवत. लहान मुलांच्या नमुन्यांतही असं घडल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं. लहान मुलाच्या रिपोर्टवर परम्याचा जंतू लिहिला गेला की पहिला संशय लैंगिक अत्याचाराचा येतो. एखाद्या गावात त्या घरावर काय प्रसंग ओढवेल! म्हणून असा निष्कर्ष एका पद्धतीवर सोडत नाहीत, दुसऱ्या तत्त्वावरच्या चाचणीने पडताळतात. मला विचाराल तर वर्गीकरणाचं महत्त्व पटवायला हे एकच उदाहरण पुरे.

जागा बदलली की हे साधे जंतू काय करतात, तेही पाहू. ऑपरेशनसाठी पाठीत सुई देताना भूल देणाऱ्याच्या तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस थुंकीच्या तुषारातून आत गेले आणि रुग्णाला मेंदूज्वर झाला, अशा नोंदी आहेत. त्यामुळेच २००७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने अशा वेळी मास्क लावण्याची स्पष्ट सूचना दिली. नायसेरियाचाच भाऊबंद किंगेला दोनेक वर्षांच्या पोराच्या गुडघ्यात शिरतो. सर्दी होऊन गेलेली, पोर अचानक पाय टेकवत नाही. गुडघ्यातलं पाणी साध्या प्लेटवर लावलं तर अनेकदा काहीच येत नाही, रक्ताच्या कल्चर बाटलीत घातलं तर उगवतं. दुसरा भाऊबंद आयकेनेला. मारामारीत समोरच्याच्या दातावर मूठ बसते, बोटाच्या सांध्यावर एवढीशी चीर पडते आणि दवाखान्यात 'दारात हात अडकला' असं सांगितलं जातं. हा जंतू प्लेटमध्ये खड्डे पाडतो, ब्लीचिंगसारखा वास सोडतो आणि मेट्रोनिडाझोल, क्लिंडामायसिन या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. तेव्हा डॉक्टरांना खरं कारण सांगितलेलं बरं.

पण सगळ्यांत फसवा आजार हृदयाच्या झडपेचा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खडबडीत झालेली असते, किंवा कृत्रिम झडप बसवलेली असते. तिथे रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा बारीक थर जमतो. हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसतं चावताना किंवा ब्रश करतानाही तोंडातले जंतू रक्तात उतरतात. निरोगी माणसात ते काही मिनिटांत नाहीसे होतात, इथे मात्र त्या थरात रुतून बसतात. असा आजार बहुधा व्हिरिडन्स गटातल्या स्ट्रेप्टोकॉकसमुळे होतो, म्युकोसा, सिक्का किंवा इलाँगाटामुळे क्वचितच. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि मिश्रीने हिरड्यांची जी वाट लागते ती दाताच्या डॉक्टरांना रोज दिसते.

ताप बारीक असतो, आठवडेच्या आठवडे टिकतो. भूक मरते, वजन उतरतं. गावातल्या दवाखान्यात विडाल ही टायफॉइडची चाचणी पॉझिटिव्ह येते, टायफॉइडचं औषध सुरू होतं, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा ताप. दुखणं अंगावर काढत माणूस बेळगाव, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतो, तोवर अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स पोटात गेलेले असतात आणि रक्तात काही उगवत नाही. म्हणून अशा तापात अँटिबायोटिकच्या आधी, वेगवेगळ्या ठिकाणांहून, दोन-तीन वेळा रक्त घ्यावं लागतं. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. एकाच बाटलीत तोंडातला जंतू आला तर तो वाटेत मिसळला असण्याची शक्यता राहते. तोच दोन-तीन बाटल्यांत आला तर 'नॉर्मल फ्लोरा' म्हणून सोडून देता येत नाही. मग इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) झडप बघायची आणि साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचं.

कृत्रिम झडप असलेल्यांना, हा आजार आधी होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना दात काढण्याआधी अमोक्सिसिलिनचा एक डोस देतात: मोठ्यांना २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर औषध वेगळं. दाताच्या खुर्चीत बसण्यापूर्वी झडपेची फाइल दाखवली, तरच डॉक्टरांना हे ठरवता येतं.